खाडीच्या तोंडावरचा अजगर

मी एक जुना अजगर आहे, मित्रांनो. घाबरू नका. मला दात नाहीत, पोट नाही आणि आजवर मी कुणाला गिळलेलं नाही. माझं कागदोपत्री नाव 'तरंगता बांध'. समुद्रात तेल सांडलं की ते किनाऱ्यावर पसरू नये म्हणून पाण्यावर एक लांबलचक भिंत सोडतात, ती भिंत म्हणजे मी. रंग नारिंगी, लांबी दोनशे चाळीस मीटर. घडी करून ठेवलं की मी वेटोळं घालून झोपल्यासारखा दिसतो. त्यामुळे ट्रकमधून उतरवताना बंदरावर कुणीतरी मला 'अजगर' म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. सुरुवातीला मला राग यायचा. आता कुणी 'तरंगता बांध' म्हणालं तर मलाच क्षणभर कळत नाही की हे कुणाबद्दल चाललंय.

माझा जन्म समुद्रापासून खूप दूर, एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. आसपास साधं डबकंही नव्हतं. तिथे जाड नारिंगी कापडाच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांच्या कडा यंत्राने तापवून चिकटवत. वरच्या खोळीत फोमचे लोड भरत आणि खालच्या काठात लोखंडी साखळी ओवत. फोममुळे माझं डोकं पाण्यावर राहतं आणि साखळीमुळे माझा पदर पाण्यात सरळ खाली लोंबतो. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं, म्हणून ते या पदराला अडतं. माझे असे बारा तुकडे केले होते. दोन तुकडे जोडायला अंगठ्याएवढी जाड, वर कडी असलेली एक पोलादी पिन. बारा तुकड्यांना अकरा पिना. हा आकडा जरा लक्षात ठेवा.

त्या यंत्रावर एक बाई कामाला होत्या. प्रत्येक जोड झाला की त्या तो दोन्ही हातांनी धरून, पाय रोवून ओढून बघायच्या. त्यांचे मुकादम म्हणायचे, "बाई, यंत्राने जोडलंय ते. सुटायचं नाही." बाई म्हणायच्या, "यंत्राला काय माहीत याला उद्या कोण ओढणार आहे?" शेवटचा तुकडा झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि नवं काम हातात घेतलं. पुन्हा त्या मला कधी भेटल्या नाहीत, पण त्यांनी ओढून पाहिलेला एकही जोड माझ्या आयुष्यात सुटला नाही, हे मला त्यांना सांगायचं राहून गेलं.

बंदरावर माझं स्वागत थाटात झालं. फीत कापली, भाषणं झाली, माझ्यासोबत फोटो काढून घेतले गेले. एका पाहुण्यांनी 'हा बांध म्हणजे आपल्या किनाऱ्याचे कवच आहे' असं म्हटलं, तेव्हा मला अंगात हवा भरल्यासारखं झालं. मग सगळे जेवायला गेले आणि मला धक्क्यामागच्या गोदामात ढकलून दाराला कुलूप लावलं. त्या कुलपाची किल्ली ज्यांच्या गळ्यात होती, ते कुलूपकाका. माझ्या गोष्टीत मी नुसता लांब आहे; मोठे आहेत ते काका.

कुलूपकाका गोदामाचे राखणदार. किडकिडीत अंगाचे, आवाज इतका बारीक की समोरच्याला दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागे. जन्म बंदरावर काढला, पण होडीत पाय ठेवला की त्यांच्या पोटात ढवळायचं. धक्क्यावरची पोरंठोरंसुद्धा त्यांची थट्टा करत, "काका, होडीचं चित्र बघू नका, उलटी होईल." काका स्वतःही हसत. गोदामाला खाडीच्या बाजूने एक जाळीची खिडकी होती. तिथे स्टूल टाकून ते दुपारचा चहा घेत आणि माझ्याबरोबर आलेलं पुस्तक वाचत. दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून तेच पुन्हा पुन्हा, आणि तेही मोठ्याने. माझ्याबद्दल मला जे काही कळलं, ते मी काकांच्या तोंडून ऐकलं.

नऊ वर्षं मी तसाच पडून होतो. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. दारात उभे राहून विचारत, "आहे ना?" काका म्हणत, "आहे." साहेब सही करत आणि जात. मी होतो हे खरंच होतं. पण माझ्या शेवटच्या तुकड्यातला फोम उंदरांनी कुरतडला होता, माझ्या तिसऱ्या घडीत एका मांजरीची दोनदा पिल्लं झाली होती, आणि माझ्या पिनांची पेटी हळूहळू हलकी होत चालली होती. ते बघायला मला उलगडावं लागलं असतं. उलगडायला वेळ कुणाला होता?

पिनांचं असं झालं. जाळं ओढायच्या कप्पीला जी पिन लागते, ती नेमकी माझ्या पिनेच्या मापाची. एकदा भर हंगामात कप्तानची पिन मोडली. कप्तान म्हणजे बंदरावरचा एक होडीवाला. बोलायचा असा की जणू जहाज हाकतोय, म्हणून ते नाव. तो धापा टाकत गोदामात आला. "काका, एक द्या हो. सगळी माणसं होडीत बसून आहेत. उद्या आणून देतो." काकांना 'नाही' हा शब्द यायचाच नाही. त्यांनी पिन काढून दिली. तो उद्या काही उजाडला नाही. मग दुसरा आला, तिसरा आला. प्रत्येकाची अडचण खरी होती. नऊ वर्षांत पेटीत दोन पिना उरल्या. काका अधूनमधून पेटी उघडत, दोन्ही पिना पुसत आणि पुन्हा ठेवून देत. तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे.

मग ते झालं. किनाऱ्यापासून खूप दूर, जिथे समुद्राचा तळ कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तिथे तळाशी खणलेल्या तेलाच्या विहिरीचं तोंड फुटलं. रेडिओ सांगत होता, दोन दिवसांत बंद होईल. मग आठवड्यात. मग रेडिओने दिवस सांगायचंच सोडून दिलं. वरून लोखंडी झाकण सोडून बघितलं, ते बसेना. इतक्या खोल काळोखात माणूस जाऊ शकत नाही, यंत्रं पाठवावी लागतात, आणि यंत्राच्या हातांनी झाकण बसवणं म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवण्यासारखं. तेल मात्र थांबून राहत नाही. ते वर येत राहिलं आणि वाऱ्याबरोबर पसरत राहिलं.

आमच्या बंदरावर तेल यायच्या आधी त्याची बातमी आली आणि बातमीनेच अर्धं बंदर आजारी पडलं. मासेमारी बंद. बर्फाच्या कारखान्याची घरघर थांबली, तेव्हा कळलं की तो आवाज आपल्याला किती सवयीचा होता. लिलावाच्या शेडमध्ये मांजरी येऊन बसायच्या आणि वाट बघून जायच्या. मोठ्या होड्या त्या विहिरीच्या तेल कंपनीने भाड्याने घेऊन दूर समुद्रात तेल अडवायला नेल्या. कप्तानचीही गेली, पण हात दुखावल्यामुळे तो स्वतः मागे राहिला, आणि काम नसलेला कप्तान म्हणजे घरातल्या सगळ्यांना ताप. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या नऊ पिना त्या होड्यांच्या कप्प्यांना लावलेल्या होत्या. त्याही होड्यांबरोबर गेल्या.

मग कंपनीच्या इंजिनिअरबाई आल्या. वयाने लहान, डोळे सुजलेले, डोक्यावरची पिवळी टोपी काढायचंही भान नाही. लोक त्यांच्यावर तुटून पडले, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वारा फिरलाय. उद्या सकाळच्या भरतीबरोबर तेल इथे येईल. नवे बांध मागितलेत, पण सगळे वाळूच्या मोठ्या पुळणींकडे गेलेत. इथे पोचायला तीन दिवस लागतील."

"आणि खाडी?" मावशीने विचारलं.

मावशी कप्तानची थोरली बहीण, पण सगळ्या बंदराची मावशी. जाळी शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर जाऊन ती कालवं काढायची. नवरा गेल्यावर घर त्या खडकानेच चालवलं होतं. बंदरावर त्याला 'मावशीचा खडक' असंच म्हणत.

"नकाशात इथे खाडीची खूणच नाहीये," बाई खाली बघून म्हणाल्या.

मावशी शांतपणे म्हणाली, "मग मी सांगते, ऐका. समुद्रातल्या मासळीची पिल्लं या खाडीत वाढतात. गवतात, चिखलात, मुळांमध्ये. समुद्र उद्या नाही तर परवा उघडेल. पण खाडी मेली, तर उघडून करायचंय काय?"

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "अहो, आपला अजगर आहे की!"

नऊ वर्षांनी माझं दार पुरतं उघडलं. मला ओढून धक्क्यावर आणलं आणि उलगडलं. उन्हाने माझे डोळे दिपले असते, डोळे असते तर. मग बाईंनी पिनांची पेटी मागितली. काकांनी ती उघडून पुढे केली. आत दोन पिना.

"बाकीच्या?"

"मी दिल्या," काका म्हणाले. "मागितल्या, दिल्या."

"काय म्हणालात?"

"मी दिल्या. चूक माझी आहे," काका जरा मोठ्याने म्हणाले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यातली निम्मी आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होती. 'एक मी नेली' असं एकानेही म्हटलं नाही. मित्रांनो, मी बोलू शकत नाही याचं वाईट मला आयुष्यात दोनदा वाटलं. त्यातली ही पहिली वेळ.

मावशीने कमरेची सुई काढली. जाळं शिवायची, हाडाची, वीतभर लांब. "दोन जाळी जोडतात तसे जोडू. पिना जन्माला यायच्या आधी जाळी जोडत नव्हते का लोक?" बायका बसल्या. खाडीचं तोंड आमच्या धक्क्यापासून पलीकडच्या कातळापर्यंत दीडशे मीटर. त्याला माझे आठ तुकडे पुरत होते. आठ तुकड्यांत सात जोड. दोन पिनांनी झाले, पाच मावशीने शिवले. जोडाच्या फटीतून तेल जाऊ नये म्हणून वरून ताडपत्री गुंडाळली. प्रत्येक जोड झाला की ती उठायची, पाय रोवायची आणि दोन्ही हातांनी ओढून बघायची. मला एकदम कारखाना आठवला.

काका पुस्तक छातीशी धरून बाजूला उभे होते. एकदा पुढे आले. "पुस्तकात असं लिहिलंय की प्रवाहाला..."

"काका," कप्तान ओरडला, "पिना सांभाळता आल्या नाहीत, आता पाणी शिकवताय?"

कप्तान वाईट नव्हता. पहिली पिन त्यानेच नेली होती, ती त्याला टोचत होती, आणि ज्याला आतून टोचतं तो बाहेर दुसऱ्याला टोचतो. काकांनी पुस्तक मिटलं आणि गोदामाच्या पायरीवर जाऊन बसले. त्या पुस्तकात काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. ही माझी दुसरी वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती सुरू व्हायच्या आत, मला पाण्यात सोडलं. पहिल्यांदाच! कारखान्यातल्या त्या बाई आठवल्या, फीत आठवली, आणि मी मनात म्हटलं, आता दाखवतो. एक टोक धक्क्याच्या लोखंडी खुंटाला, दुसरं पलीकडच्या कातळाला. कप्तानने छोटी होडी घेऊन मला ताणून बसवलं. प्रवाहाला अगदी आडवा, एका रेषेत, नाकासमोर सरळ. मासे पकडणारी माणसं जाळं असंच लावतात. त्यांच्या बापांनी असंच लावलं, आजोबांनी असंच लावलं. जाळं आडवं लावलं नाही तर मासा येईल कसा? ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. जन्मभर जाळी लावलेल्या माणसांचीच ती चूक होती.

भरती चढू लागली. आधी आला तो नुसता पातळ तवंग, उन्हात सप्तरंगी दिसणारा. दिसायला सुंदर आणि वासाने डोकं उठवणारा. त्याच्यामागे, पाव कोसावर, जाड तपकिरी पट्टा होता आणि तो आमच्याकडेच येत होता. पाण्याचा जोर वाढला. तवंग माझ्या अंगाशी आला, थांबला, साचला. धक्क्यावर लोक आनंदाने ओरडले. आणि मग मला जाणवलं की तो खाली जातोय. आडव्या भिंतीला धडकून पाणी खाली दबत होतं आणि तवंगाला ओढून माझ्या पदराखालून पलीकडे नेत होतं. मी जीव तोडून पदर ताणला. साखळी ताणली. काही उपयोग होईना.

"आत आलं!" मावशी ओरडली. माझ्या पाठीमागे, खाडीच्या बाजूला, पाण्यावर रंग फिरू लागले होते. पलीकडच्या वळणावरच्या गवताला त्याची पहिली रेघ लागली.

तेव्हा पायरीवरून कुणीतरी धावत आलं. धावत थेट पाण्यात शिरलं. गुडघाभर, मांडीभर. कुलूपकाका! पुस्तक डोक्यावर धरलेलं आणि आवाज असा की मीही ओळखला नाही.

"तिरपा लावा! आडवा नाही, तिरपा!"

काका कप्तानकडे वळले. "जाळं आडवं लावता, कारण मासा यायला हवा असतो. तेल यायला नकोय ना? ते घसरत बाजूला जायला हवंय. कातळाचं टोक राहू द्या. धक्क्याचं टोक सोडा आणि काठाकाठाने आत न्या, त्या वाळूच्या खळग्यापर्यंत. बारा तुकडे लागतील."

"तोच खळगा कशावरून?" कप्तानने विचारलं.

"नऊ वर्षं खिडकीत बसून दुसरं काय बघितलं मी? भरतीला सगळा तरंगता कचरा त्याच खळग्यात येऊन थांबतो. बाटल्या, फळ्या, चपला. सगळं."

कप्तानने तोंड उघडलं. मावशी म्हणाली, "अरे, तोंड मिट आणि होडी काढ."

पण काकांचं अजून संपलं नव्हतं. त्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला. ते मावशीच्या जवळ गेले. "मावशी, एक आहे. तुमचा खडक खळग्याच्या अलीकडे आहे. तिरपा लावला तर तो... बाहेर राहील. तेलाच्या बाजूला."

मावशीने खडकाकडे पाहिलं. भरतीचं पाणी त्याच्या अर्ध्यावर आलं होतं. किती वेळ पाहिलं मला माहीत नाही. तपकिरी पट्टा जवळ येत होता, म्हणजे फार वेळ नसेल.

"मला दिसतंय ते," ती म्हणाली. "सुई दे कुणीतरी. माझी पाण्यात पडली."

मित्रांनो, बांधाला रडता येत नाही. त्याच्या अंगावरून पाणी तर सारखंच वाहत असतं, कुणाला कळणार?

उरलेले चार तुकडे किनाऱ्यावर होते. मावशी आणि दोघी-तिघी बायकांनी त्यातले तीन जोड वाळूवर शिवले. चौथा जोड, जुन्या आठ तुकड्यांशी, कंबरभर पाण्यात उभं राहून शिवावा लागला. उंदरांनी कुरतडलेला माझा शेवटचा तुकडा बुडू नये म्हणून त्याच्या खोळीत फुगवलेली ट्यूब कोंबली. इंजिनिअरबाईंनी टोपी फेकली आणि त्या ताडपत्री धरून उभ्या राहिल्या. लाट आली की जोड हातातून निसटायचा आणि मावशी तोंडाने दोरी धरायची. शिवून झाल्यावर तिने पाय रोवून ओढून पाहिलं. एवढ्या घाईतही.

"काका, होडीत या," कप्तान म्हणाला. त्याचा आवाज वेगळा होता. "तिरपा म्हणजे किती ते मला कळायचं नाही. तुम्ही हात करा, मी नेतो."

काका होडीत चढले. खुंटावरची दोरी सोडली आणि भरतीने मला आत ढकललं. जोर इतका की क्षणभर वाटलं, शिवण जाते. गेली नाही. काका होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर ओणवे होऊन उलट्या करत होते आणि उजवा हात मात्र उंच धरून दाखवत होते: अजून, अजून, थोडं डावीकडे, बस्स! कप्तान त्या हाताप्रमाणे होडी नेत होता. माझं टोक खळग्याशी पोचलं, तिथे गाडलेल्या एका खांबाला बांधलं गेलं, आणि तेवढ्यात तो पट्टा माझ्या अंगाला लागला.

जाड, चिकट, उग्र वासाचा. मला वाटलं, हा मला गिळणार. पण तो थांबला नाही, दबला नाही. माझ्या तिरप्या अंगावरून घसरत घसरत तो खळग्याकडे निघाला, अगदी बाटल्या आणि चपला जायच्या तसाच. तिथे बादल्या घेऊन माणसं उभी होती. पंप आला. तीन दिवस, सहा भरत्या, मी तसाच उभा होतो. चौथ्या दिवशी नवे बांध आले.

सगळं वाचलं असं मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात म्हणून खोटं कशाला सांगू? बाहेरची पुळण काळी झाली. पंखांना तेल लागलेले पक्षी सापडले, त्यातले थोडेच उडाले. पहिल्या वळणावरचं गवत वाळलं. कितीतरी दिवस लोकांची डोकी दुखत होती, आणि मुलांना पाण्याकडे जायची बंदी होती. मावशीचा खडक काळाठिक्कर पडला. त्यावरची कालवं उघडून आतून काळी निघाली. ती रोज ओहोटीला तिथे जायची, थोडा वेळ उभी राहायची आणि परत येऊन जाळी शिवायची, जरी जाळी कुणाला नको होती. पण वळणाच्या आतली खाडी वाचली. तिथलं गवत हिरवं होतं आणि गवताच्या मुळांशी पिल्लं हलत होती.

त्रेपन्नाव्या दिवशी दूर खोलवर त्या विहिरीचं झाकण बसलं. इंजिनिअरबाईंचा फोन आला. त्या नुसत्या रडत होत्या, आणि कप्तान फोन कानाला लावून "बरं, बरं, बाई, बरं" एवढंच म्हणत होता.

मोठ्या होड्या परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोदाम उघडायला आले तर पायरीवर एक पिन. पुसून, तेल लावून ठेवलेली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही. दुपारी आणखी दोन. आठवडाभर असंच चालू होतं. कुणी समोर येऊन देईना, पण पायरी काही रिकामी राहीना. माझ्या नऊ पिना गेल्या होत्या, परत आल्या चौदा. काहींनी हरवलेली म्हणून लोहाराकडून नवी करून घेतली होती, आणि काहींनी आपण नेली होती की नाही हेच आठवत नाही म्हणून आणून ठेवली होती. शेवटची कप्तानने आणली, तीही भर दुपारी, सगळ्यांसमोर. "पहिली मी नेली होती, काका. उद्या देतो म्हणालो होतो." काका म्हणाले, "मग आज उद्या आहे." आणि पहिल्यांदाच दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसून चहा प्यायले.

मला धुतलं, घासलं, पण काळे डाग गेले नाहीत. माझा उंदरांनी खाल्लेला तुकडा कापून टाकायचं ठरलं, तेव्हा मावशीने त्याची साखळी मागून घेतली. उकळत्या पाण्याने दहा वेळा धुतली आणि खडकाच्या कपारींतून पसरून ठेवली. कालवाच्या पिल्लाला धरायला काहीतरी कडक लागतं म्हणे. बाकीच्या जोडांत पिना बसवल्या. आठव्या आणि नवव्या तुकड्यांमधली, पाण्यात उभं राहून घातलेली शिवण मात्र काकांनी उसवू दिली नाही. आता दर वर्षी एक दिवस मला पाण्यात सोडतात. तिरपा. तपासणीचे साहेब येतात आणि दारातून विचारतात, "आहे ना?" काका म्हणतात, "धक्क्यावर चला, साहेब. उलगडून बघा." हे ते इतक्या मोठ्याने म्हणतात की साहेबांना चालावंच लागतं.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. खडक काळाच होता. तिसऱ्या वर्षी माझ्या पाण्यात सोडायच्या दिवशीच खडकाकडून मावशीची हाक आली. ती कंबरभर पाण्यात उभी होती आणि ओहोटीपर्यंत थांबायला तयार नव्हती. "काका! इकडे या!" कप्तान होडी काढायला धावला. मागे वळून बघतो तर काका आधीच होडीत बसलेले, पांढरेफटक पडलेले, एका हाताने तोंड दाबून धरलेलं.

माझी साखळी तिने पाण्यावर उचलून धरली होती. तिच्या एका कडीला नखाएवढं कालव चिकटलं होतं. जिवंत. हात लागताच त्याने शिंपला घट्ट मिटून घेतला. तिघं जण कितीतरी वेळ त्या एका नखाकडे बघत राहिले, आणि मग मावशीने साखळी हळूच पाण्यात सोडली.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या भिंतीवर आग विझवायचं एक लाल नळकांडं असेल. कुठेतरी औषधांची पेटी असेल, एखादी दोरी, एखादं मागचं दार असेल. 'आहे ना?' एवढं विचारून पुढे जाऊ नका. उघडायला सांगा. उलगडायला सांगा. याची पिन कुठे आहे, असं विचारा. आवाज बारीक असला तरी चालेल, पण विचारा. आणि कुणी एखाद्याने बारीक आवाजात काही सांगितलं, तर त्याला 'काय म्हणालात?' असं दुसऱ्यांदाही विचारा.